चतकोर धड्यांचे अर्थशास्त्र

शिक्षणाच्या क्षेत्रात दर दहा-पंधरा वर्षांनी एखादे नवे साधन अवतरते आणि जुन्या सर्व दुखण्यांवर रामबाण औषध सापडल्याची ग्वाहीही त्याच्याबरोबर येते. सध्याचे साधन म्हणजे तीन ते दहा मिनिटांचा, मोबाइलच्या पडद्यावर मावणारा धडा. एक मुद्दा, एक चित्रफीत, शेवटी चार प्रश्न आणि लगेच पुढचा धडा, असे त्याचे स्वरूप. व्यवस्थापनशास्त्राच्या परिभाषेत यास ‘मायक्रोलर्निंग’ म्हणतात. मराठीत त्याला चतकोर धडा म्हणावयास हरकत नाही.

या धड्यांचा प्रसार आता महानगरांपुरता राहिलेला नाही. शालेय शिक्षणासाठी ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाले. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा ‘निष्ठा’ हा कार्यक्रम २०१९ साली प्रत्यक्ष वर्गांच्या रूपाने आला आणि पुढच्याच वर्षी महामारीमुळे पडद्यावर गेला. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सरकारी कर्मचाऱ्यांसाठी ‘मिशन कर्मयोगी’ला मान्यता दिली, त्याच्या ‘आयगॉट’ या व्यासपीठावरील नोंदणी २०२५ मध्ये एक कोटीच्या पुढे गेली. बँका, विमा कंपन्या, हॉटेले यांचेही हेच धोरण आहे. मालवणसारख्या तालुक्याच्या गावी प्राथमिक शिक्षक, तहसील कचेरीतील लिपिक, बँकेतील रोखपाल आणि महाविद्यालयातील विद्यार्थी या सर्वांच्या खिशात आज असा एखादा अपुरा धडा पडून असतो.

तेव्हा या पद्धतीचा विचार कौतुक आणि तिटकारा ही दोन्ही टोके सोडून करणे आवश्यक आहे. धडा छोटा असावा की मोठा, हा खरा प्रश्न नव्हे. धडा छोटा झाल्याने जो खर्च वाचला तो नेमका कोणाचा वाचला आणि कोणाच्या माथी बसला, हा खरा प्रश्न आहे.

कल्पना जुनीच

ज्ञान थोडे थोडे द्यावे आणि पुन्हा पुन्हा उजळावे, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, औटकी यांचे पाढे याच रीतीने मुखोद्गत होत. तिन्हीसांजेला दिवा लागला की घराघरांत परवचा म्हटला जाई. त्यात रोज नवे फारसे नसे. कालचे आज आणि आजचे उद्या आठवावयाचे, एवढेच असे. बाजारात उभ्याउभ्या पाऊणे-दिडकीचा हिशेब करणारी पिढी या परवच्याने घडविली.

आधुनिक मानसशास्त्राने या अनुभवास प्रयोगाची जोड दिली. हेर्मान एबिंगहाऊस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून विस्मरणाचा वेग मोजला. निरर्थक अक्षरे पाठ केली असता ती पुन्हा पाठ करण्यात वाचणारे श्रम एका तासानंतर ४४ टक्के, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि महिन्यानंतर अवघे २१ टक्के उरतात, असे त्याला आढळले. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले की, उतारा दोनदा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना आठवड्यानंतर त्याचा सुमारे ४२ टक्के भाग आठवतो. तर एकदा वाचून एकदा आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवतो. लक्षणीय गोष्ट अशी की, पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारेच पुढे होते. म्हणजे ताबडतोब ‘समजले’ असे वाटणे आणि खरोखर शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

यातून चतकोर धड्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. जो धडा आठवावयास लावतो आणि काही दिवसांनी पुन्हा दार ठोठावतो, तो परवच्याचाच नवा अवतार होय. परंतु जो केवळ पाहावयास लावतो आणि धडा संपताच ‘अभिनंदन’ म्हणतो, तो पाच मिनिटांचे समाधान देतो. आठवड्यानंतरचे ज्ञान देत नाही.

साधनांच्या लाटाही नव्या नाहीत. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचे प्रयोग झाले. महाराष्ट्रात १९८४ साली पुण्यास ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली आणि दूरदर्शनवरून तिचे छोटे शैक्षणिक कार्यक्रम मराठी मुलांनी वर्षानुवर्षे पाहिले. ज्या २०१७ साली ‘दीक्षा’चा आरंभ झाला त्याच साली ‘बालचित्रवाणी’ बंद करण्यात आली. साधन बदलले की आधीच्या साधनाचा अनुभव, त्यातील यश आणि अपयश, हेही कपाटात बंद होते. प्रत्येक लाट आपण पहिलीच आहोत अशा थाटात येते, याचे कारण हे आहे.

ज्याला समुद्र ठाऊक आहे

छोट्या माहितीचे मोल केव्हा मोठे असते, हे समजून घेण्यास मालवणच्या किनाऱ्याइतके चांगले उदाहरण सापडणार नाही. हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’ ही महासागर माहिती सेवेची संस्था उपग्रहांकडून मिळणारे समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य यांवरून मासळीचा संभव असलेली क्षेत्रे ठरविते आणि मासे उतरविण्याच्या केंद्रापासून दिशा, अंतर व खोली एवढी मोजकी माहिती मच्छीमारांपर्यंत पोहोचविते. हा संदेश चार ओळींचाही नसतो, तरी त्याने डिझेल वाचते आणि फेरी वाया जात नाही.

पण हा संदेश कोणाच्या उपयोगाचा? वारा कोठून सुटला म्हणजे होडी मागे फिरवावयाची, कोणत्या खडपावर जाळे अडकते आणि पाण्याचा रंग बदलला म्हणजे काय समजावयाचे, हे ज्याला बालपणापासून ठाऊक आहे त्याच्या. तीच दिशा, तेच अंतर आणि तीच खोली एखाद्या शहरी पदवीधरास कळविली तर त्याच्या हाती निव्वळ तीन आकडे राहतील. रापणीचा दोर वडीलधाऱ्यांसोबत ओढताना जे शिक्षण होते, त्या शिक्षणाच्या पायावर तो छोटा संदेश उभा असतो. पाया भक्कम असेल तर चतकोर धडा कामाचा; पाया नसेल तर तो तरंगत राहतो.

पर्यटनाच्या धंद्यात हीच कसोटी अधिक कठोरपणे लागते. सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. त्यानंतर मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात निवास-न्याहारीची घरे, नौकाविहार आणि स्कूबा डायव्हिंग यांवर शेकडो कुटुंबांची चूल पेटू लागली. पाहुण्यास खोली कशी द्यावी, पैसे मोबाइलवर कसे घ्यावेत, तक्रारीस उत्तर कसे लिहावे, हे छोट्या चित्रफितींतून शिकता येते आणि अनेकजण शिकतातही. परंतु २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेची कारणमीमांसा हा येथील विषय नव्हे. तथापि एवढे निश्चित की, पाण्यात पडलेल्या माणसास बाहेर कसे काढावे, उसळत्या लाटेत घाबरलेल्या वीस जणांना एका जागी कसे बसवावे, ही कौशल्ये पडद्यावरील चार पर्यायांतून अचूक पर्याय निवडून येत नाहीत. ती हातापायांत मुरावी लागतात.

डायव्हिंगच्या व्यवसायाने या बाबतीत घालून दिलेला शिरस्ता उद्बोधक आहे. पाणबुड्याच्या प्रशिक्षणातील पुस्तकी भाग जगभर आता घरबसल्या संगणकावर पुरा करता येतो. मात्र प्रशिक्षकाच्या डोळ्यांदेखत आधी शांत पाण्यात आणि मग खुल्या समुद्रात ठरावीक बुड्या मारून दाखविल्याखेरीज कोणासही प्रमाणपत्र मिळत नाही. छोटा धडा येथे आहे, पण तो उंबरठ्यापर्यंतच नेतो. शिक्षण खाते आणि सरकारी कचेऱ्या यांनी हा साधा विवेक या व्यवसायाकडून उसना घ्यावयास हवा.

खर्च कोणाचा?

चतकोर धडा प्रशासनास एवढा प्रिय का होतो, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. विल्यम बोमोल या अर्थशास्त्रज्ञाने १९६६ साली एका सहकाऱ्यासह असे दाखविले की, काही सेवांची उत्पादकता यंत्राने वाढत नाही. कोकणातील माणसास हे दशावताराच्या उदाहरणावरून चटकन पटेल. कापडाच्या गिरणीत शंभर वर्षांत एका कामगारामागे उत्पादन कित्येक पटींनी वाढले, पण दशावताराचा प्रयोग आजही तेवढेच नट मागतो आणि रात्रही तेवढीच मागतो. इतरत्र वेतने वाढली की नटाचेही मानधन वाढवावे लागते आणि प्रयोग उत्तरोत्तर महाग होतो. अध्यापनाचे तेच आहे. एका शिक्षकाने एका मुलाची चूक समजून घेण्यास पूर्वी जेवढा वेळ लागे तेवढाच आजही लागतो. सबब शिक्षण महाग होत जाते, आणि खर्चाच्या चिंतेत असलेल्या प्रशासनास, एकदा तयार केला की लाखो लोकांना फुकट दाखविता येणारा धडा हा वरदानासारखा वाटतो.

या हिशेबात एक मोठी रक्कम मात्र धरलेली नसते. धडा दाखविण्याचा वाढीव खर्च जवळजवळ शून्य असेल. शिकण्याचा खर्च शून्य नसतो. शिकणाऱ्याचा वेळ, त्याची एकाग्रता, त्याचा मोबाइल, त्याचा डेटा आणि चूक दुरुस्त करणारा कोणीतरी अनुभवी माणूस, हा तो खर्च होय. पूर्वी प्रशिक्षणासाठी कर्मचाऱ्यास कामातून मोकळे करीत, प्रवासभत्ता देत आणि त्याच्या जागी बदली माणूस नेमीत. त्या वर्गांतही कंटाळवाणी व्याख्याने पुष्कळ होत, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु वेळेची किंमत कचेरी भरीत असे. आता दहा मिनिटांचा धडा ‘केव्हाही, कोठेही’ करता येतो असे सांगितले जाते. त्याचा व्यवहारातील अर्थ असा की, तो कचेरीच्या वेळेत होत नाही. दिवसभर दाखल्यांच्या रांगेस तोंड देणारा लिपिक तो एसटीत करतो. शिक्षिका तो रात्रीचा स्वयंपाक आटोपल्यावर करते.

गॅरी बेकर या नोबेल पारितोषिक विजेत्या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली ‘मानवी भांडवला’वरील ग्रंथात एक मार्मिक भेद केला होता. जे कौशल्य कोठेही उपयोगी पडते त्याचा खर्च शिकणारा सोसतो, कारण लाभ त्याचा असतो. जे कौशल्य त्याच संस्थेत उपयोगी पडते त्याचा खर्च संस्थेने सोसावा, कारण मुख्य लाभ तिचा असतो. हा न्याय लावला तर एखाद्या कचेरीची नवी संगणकप्रणाली, नवा नमुना किंवा नवा नियम शिकण्याचा वेळ कर्मचाऱ्याच्या संध्याकाळीतून कापून घेणे समर्थनीय ठरत नाही. ऑक्टोबर २०२४ मधील राष्ट्रीय शिक्षण सप्ताहात प्रत्येक कर्मचाऱ्याने निदान चार तासांचे शिक्षण घ्यावे, असे उद्दिष्ट होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाकडून वर्षास किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा व्यक्त झाली आहे. दोन्ही अपेक्षा रास्त आहेत. पण हे तास कोणत्या घड्याळातील, याचे उत्तर आदेशातच लिहिलेले असावे. भारतात १९६१ पासून शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे आणि शिकणाऱ्यास विद्यावेतन देण्याचे तत्त्व त्यात मान्य आहे. शिकण्याच्या वेळेस मोल असते, ही गोष्ट या देशाच्या कायद्यास ठाऊक आहे. ती मोबाइलमुळे खोटी ठरत नाही.

प्रमाणपत्रांचे पीक

दुसरा धोका मोजमापाचा आहे. जे सहज मोजता येते तेच मोजले जाते आणि जे मोजले जाते तेच पुढे ध्येय होऊन बसते. किती धडे ‘पूर्ण’ झाले हे संगणक क्षणात सांगतो. शिक्षिकेने भागाकार शिकविण्याची रीत बदलली काय, लिपिकाच्या टेबलावरील प्रकरण लवकर निघू लागले काय, हे तो सांगू शकत नाही. मग चित्रफीत चालू ठेवून दुसरे काम करणे, उत्तरे एकमेकांस सांगणे आणि महिनाअखेरीस प्रमाणपत्रांचा गठ्ठा सादर करणे, असा रिवाज पडतो. यात कर्मचारी अप्रामाणिक असतात असे नव्हे. जेथे केवळ पूर्ततेची मागणी होते तेथे केवळ पूर्ततेचाच पुरवठा होणार.

जेथे अशी सक्ती नसते तेथील अनुभवही पाहण्याजोगा आहे. हार्वर्ड आणि एमआयटी या नामवंत संस्थांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात २०१७-१८ या वर्षी नोंदणी करणाऱ्यांपैकी अवघ्या ३.१३ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे आढळले. सक्ती केली तर पोकळ पूर्तता आणि सक्ती काढली तर गळती, अशी ही कोंडी आहे. ती धडे आणखी छोटे करून सुटणारी नाही, कारण उणीव शिकणाऱ्याशेजारच्या माणसाची आहे.

महाराष्ट्रातील लिपिकवर्गास याचा पडताळा स्वानुभवाने आहे. २००१ पासून सुरू झालेल्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमाविषयी तक्रारी कमी झाल्या नाहीत. तो उत्तीर्ण न होणाऱ्यांच्या वेतनवाढीवर गदा आल्यामुळे पुष्कळांनी तो नाखुशीनेच केला. तरीही पन्नाशीतल्या अनेकांचा संगणकाच्या कळफलकाशी पहिला परिचय त्यानेच करून दिला. कारण तेथे गावातले केंद्र होते, ठरलेली वेळ होती, अडले तर शेजारी येऊन ‘येथे दाबा’ असे सांगणारा तरुण मार्गदर्शक होता आणि आपल्याइतकाच गोंधळलेला सहाध्यायी बाजूच्या खुर्चीवर होता. धडे तेथेही संगणकावरच होते. पण शिकणारा एकटा नव्हता.

शाळांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. २०२४ च्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी त्याचा उपयोग केलेली मुले ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी केलेली ७६ टक्के. म्हणजे साधन घरात पोहोचले आहे. साधनास वळण लावणारे माणूस पोहोचणे बाकी आहे. सिंधुदुर्गातील वाड्यावस्त्यांवर कमी पटाच्या शाळा पुष्कळ आहेत. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरविले आहेत. म्हणजे एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळणे तेथे नित्याचेच. अशा ठिकाणी शिक्षिका दुसरीला वाचन देत असताना चौथीच्या मुलांनी पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून दहा मिनिटांचा धडा पाहणे हा खरोखरच मोठा आधार आहे. मात्र धडा संपल्यावर ‘बाई, हे असे का?’ असे विचारणाऱ्या मुलास उत्तर देणारी बाई शाळेत राहिली पाहिजे. चित्रफिती आहेत, तेव्हा शिक्षक कमी चालतील, असा निष्कर्ष कोणी काढू लागल्यास तो वाड्यावरच्या मुलाशी केलेला अन्याय ठरेल.

पावसाळ्याचे महिने

मग करावयाचे काय? मालवणपुरते पाहिले तर निसर्गानेच एक उत्तर तयार ठेवले आहे. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. पावसाळ्यात जलक्रीडाही बंद राहतात आणि निवास-न्याहारीच्या खोल्या रिकाम्या असतात. अर्थशास्त्राच्या भाषेत, या दिवसांत माणसांच्या वेळेची पर्यायी किंमत वर्षात सर्वांत कमी असते. खोल प्रशिक्षण याच महिन्यांत व्हावे. नौकाचालक, मार्गदर्शक आणि घरगुती खाणावळी चालविणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी सलग काही दिवसांचे वर्ग, जाणत्या प्रशिक्षकांच्या हाताखाली आणि बुडालेल्या रोजीची थोडीबहुत भरपाई देऊन घेता येतील. जीवरक्षणाचा सराव तलावात किंवा बंदिस्त पाण्यात करता येईल. मग ऑक्टोबर ते मे या हंगामात, जेव्हा कोणास श्वास घेण्यासही फुरसत नसते, तेव्हा आठवड्यास एक असा पाच मिनिटांचा उजळणीचा धडा मराठीत आणि मालवणी बोलीतही मोबाइलवर यावा. पावसाळ्यात पेरावे आणि हंगामात राखण करावी, असा हा क्रम आहे. आज केवळ राखणदार नेमून पिकाची वाट पाहिली जात आहे.

कचेऱ्या आणि शाळा यांना पावसाळा मोकळा नसतो, पण तत्त्व तेच लागू पडते. आठवड्यातून एक तास कामाच्या वेळेतच शिकण्यासाठी राखून ठेवावा आणि त्या तासात खिडकी बंद राहील असे जनतेस स्पष्ट सांगावे. प्रत्येक केंद्रशाळेत आणि प्रत्येक कचेरीत ‘अडले तर याला विचारा’ असा एक माणूस नेमावा व त्याच्या इतर कामाचा भार तेवढा हलका करावा. धड्याच्या अखेरीस विचारलेले प्रश्न महिन्याने पुन्हा विचारावेत. आणि यशाचे मोजमाप प्रमाणपत्रांच्या संख्येवरून करणे सोडून, किती प्रकरणे मुदतीत निघाली आणि किती मुले वाचू लागली, यावरून करावे. या गोष्टींना पैसा लागेल, हे खरे. पण तो पैसा आजही खर्च होतच आहे. तो कर्मचाऱ्यांच्या झोपेतून आणि मुलांच्या अर्धवट समजुतीतून वसूल होतो, म्हणून अंदाजपत्रकात दिसत नाही इतकेच.

चतकोर भाकरीने भूक भागत नाही, हे कोणी भाकरीविरुद्धचे बोलणे समजू नये. प्रवासात, घाईत, दोन जेवणांच्या मध्ये ती चतकोर मोठी मोलाची असते. परंतु ज्या घरात पूर्ण जेवण शिजणे बंद झाले आहे, त्या घराने चतकोरीची स्तुती करू लागावे हे चांगले लक्षण नव्हे. शिक्षण आणि प्रशिक्षण यांचे पूर्ण जेवण म्हणजे शिकण्यासाठी मोकळा वेळ, चूक दाखविणारा गुरू आणि हात बसेपर्यंतचा सराव. सरकारने आणि संस्थांनी यांची तरतूद आधी करावी; छोटे धडे त्यानंतर मुबलक वाटावेत, आणि ते आनंदाने घेतलेही जातील.